शेडमध्ये बांधलेल्या यानातून एकटी बाई किती लांब जाईल? (कथेसाठी मदत हवी)

दोन_फेऱ्या

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा द्यायचं कबूल करून बसले आणि आता गळ्याशी आलंय. संपादकबाई दर सोमवारी फोन करतात. ‘होत आली’ म्हणून मी चार सोमवार काढलेत.

कथा अशी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका बाईचं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). आजूबाजूच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतं, ती मशिनिंग करून देते. बाई इंजिनिअर आहे. तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून आठशे मीटर पळायची. वडील तिचे कोचही आणि शॉपचे मालकही. वडील जातात. मग बाईला घरात बसवत नाही, शेडमध्ये उभं राहवत नाही, मैदानावर तर जाववतच नाही. ती शेडच्या मागच्या बाजूला यान बांधायला घेते आणि एक दिवस निघून जाते. बस्स, एवढंच.

लपवण्यात अर्थ नाही. यान सोडलं तर बाकी सगळं माझंच आहे. बाबा गेल्या आषाढात गेले. भाऊ नाही, अग्नी मीच दिला. तेराव्याच्या पंगतीत ताक वाढता वाढता काकांनी शेडचा विषय काढला, प्लॉटला सध्या भाव चांगला आलाय म्हणून. त्या रात्री मी कथेची पहिली ओळ लिहिली.

बाबांबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय प्रश्न कळणार नाहीत. शर्यतीत ते कधी फिनिशला उभे राहिले नाहीत. आठशेत सहाशेच्या खुणेपाशी पायांचे दगड होतात, तिथे उभे राहायचे. स्टॉपवॉच हातात, आणि फक्त आकडा ओरडायचे. शाबास नाही, पळ नाही, काही नाही. ‘एक बेचाळीस!’ पुढचे दोनशे मीटर तो आकडा डोक्यात घेऊन काढायचे. लेथवर पहिल्यांदा उभं केलं तेव्हाही तसंच: ओढणी काढ, बांगड्या काढ, वेणी टोपीत घाल, आणि चक फिरत असताना हात कुठे आहेत ते मला सांग.

तुम्ही म्हणाल, घर सोडायचं तर एसटी काय कमी आहेत? पुण्याला मामा आहेत. बंगळुरूला आतेभाऊ. न्यू जर्सीला मैत्रीण, ती तर विमानतळावर न्यायला येईल. जिथे कुणी ‘जेवलीस का गं’ म्हणून विचारणार नाही अशी जागा शोधत शोधत मी नायिकेला वर नेलं.

आता प्रश्न. मेकॅनिकलचं मला समजतं, पण अवकाशाचं वर्तमानपत्रापुरतंच. एका शेडमध्ये बांधता येईल असं यान खरोखर किती लहान असू शकतं? ती शिरोलीतून उडू शकेल का? वर गेल्यावर तिला घर दिसेल की नाही? (दिसू नये असं मला वाटतं.) ती पळणारी बाई आहे, तर तिथे पळेल कशी? आणि एक विचित्र प्रश्न: तिथे रडल्यावर काय होतं?

ती सामान जवळजवळ काहीच नेत नाही. स्वतःचं वजन, शर्यतीच्या दिवसांतलं माझं होतं तेच ठेवलंय, ५४ किलो. आणि बाबांचं स्टॉपवॉच. ते मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, दोरीसकट ६२ ग्रॅम भरलं.

उगाच_आपलं

उडताना शेडची लाईट जाणार नाही ना एवढं बघा. आमच्याकडे दर गुरुवारी मेंटेनन्स असतो. काउंटडाउन पाचवर आलं आणि फीडर ट्रिप झाला तर कथा तिथेच संपेल.

तिसरा_टप्पा

ताई, मी मूळचा सांगलीचा, सव्वीस वर्षं तिरुवनंतपुरमला नोकरीत काढली. रॉकेटच्या इंजिनाच्या बाजूचं काम होतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या गल्लीतला आहे. जरा लांबण लागेल.

रशियातल्या कलुगा नावाच्या गावात त्सिओल्कोव्स्की म्हणून एक शाळामास्तर होते, कानाने कमी ऐकायचे. त्यांनी १९०३ साली रॉकेटचं समीकरण छापलं आणि ते आजवर कुणाला चुकवता आलेलं नाही. चारशे किलोमीटरवर कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेग लागतो. वर जाताना गुरुत्वाकर्षणाशी आणि हवेशी झगडण्यात जे खर्ची पडतं ते धरून रॉकेटला साधारण ९.४ ची कमाई करावी लागते. तुमच्या इंजिनाच्या नॉझलमधून वायू सेकंदाला ३ किलोमीटरने बाहेर पडतोय असं धरा; शेडमध्ये बनवलेल्या इंजिनासाठी हे फार उदार झालं. तर जमिनीवर २३ किलो असेल तेव्हा वर १ किलो पोचतो. बाकीचे २२ किलो इंधन. आणि त्या एका किलोत टाक्या, इंजिन, पंप, वायरिंग आणि तुमची नायिका. म्हणून तर टप्पे करावे लागतात, रिकामी टाकी वाटेत टाकून द्यायची.

किती लहान, याचं उत्तर जपान्यांनी देऊन ठेवलंय. ३ फेब्रुवारी २०१८ ला त्यांनी उचिनौराहून एसएस-५२० हे रॉकेट उडवलं. साडेनऊ मीटर लांब, ५२ सेंटिमीटर व्यासाचं, विजेच्या खांबाएवढं म्हणा ना. वजन २.६ टन. त्याने कक्षेत किती नेलं? तीन किलो. ट्रायकॉम नावाचा छोटा उपग्रह. कक्षेत काहीतरी पोचवणारं याहून लहान रॉकेट मला ठाऊक नाही. म्हणजे एका किलोला साधारण ८६७ किलो रॉकेट. मोठ्या रॉकेटांत हे प्रमाण पुष्कळ बरं होतं, पण मोठं रॉकेट शेडमध्ये मावत नाही.

माणसाचं म्हणाल तर अमेरिकनांचं मर्क्युरी यान बघा. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ ला त्यात बसून पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आले. पावणेदोन घनमीटरच्या आतबाहेर जागा, आपल्या लोखंडी कपाटापेक्षा थोडीच जास्त. तरी वजन तेराशे किलोंच्या वर, आणि ते उचलायला शंभर टनांहून जड अॅटलास. तेव्हा शिरोलीतल्या शेडची उंची वाढवा.

इंधनासाठी मात्र तुमच्या जिल्ह्यासारखी जागा नाही. अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन ही जुनी, सिद्ध झालेली जोडी आहे. जर्मनांचं व्ही-२ त्यावरच उडत होतं. तुमच्याकडे ऊस आहे, मळी आहे, कारखान्यांची इथेनॉलची टाकी आहे. नायिका टँकर मागवू शकते. ऑक्सिजनचं तुम्हाला मी काय सांगू, सिलिंडरच्या वॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही हे हेल्परलाही माहीत असतं. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशावर असतो आणि भडका उडायला ग्रीसचा एक थेंब पुरतो. हे वाक्य कथेत बाबांच्या तोंडी घाला, शोभेल.

शिरोलीतून उडायचं म्हणाल तर नको. रॉकेट पूर्वेला सोडतात, कारण पृथ्वी त्या बाजूला फिरते आणि तुमच्या अक्षांशावर सेकंदाला ४४५ मीटर वेग फुकटात मिळतो. पण पूर्वेला सोडलं तर रिकामी टाकी विजापूरच्या बाजूला कुणाच्या तरी तुरीत पडणार. श्रीहरिकोटा समुद्रकाठी आहे ते यासाठीच. दुसरा मार्ग इस्रायलचा. त्यांच्या पूर्वेला शेजारी देश, म्हणून ते उलटे, पश्चिमेला भूमध्य समुद्रावरून सोडतात. फुकटचा वेग तर गेलाच, वर तेवढाच खिशातून भरायचा. नायिकेला घाट उतरून कोकणात न्या आणि अरबी समुद्रावर पश्चिमेला सोडा. पृथ्वीच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने निघून जाणारी बाई. मला तर हे आवडलं.

(कुणी खरंच करायला जाऊ नका. स्फोटकांचे परवाने, इन-स्पेस या सरकारी अवकाश-परवाना संस्थेची मंजुरी, सगळं लागतं. कथेत ते पान वगळलेलं चालेल.)

आणि घर दिसू नये म्हणताय, तर कक्षा ही त्यासाठी चुकीची जागा आहे. ९२ मिनिटांत एक फेरी. कोल्हापूर पावणेसतरा अंशांवर आहे. तुमच्याच अक्षांशावरून सरळ पश्चिमेला सोडलेलं यान दर फेरीत पुन्हा त्या अक्षांशापर्यंत चढतं. रोज काही फेऱ्यांत पन्हाळा, पंचगंगा, सगळं तिच्या पायाखालून जाईल. खरंच सुटायचं असेल तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग हवा. ते शेडचं काम नाही.

स्टॉपवॉचचा हिशोब राहिला. ६२ ग्रॅम गुणिले ८६७. जपानी प्रमाणाने ते घड्याळ न्यायला रॉकेट ५४ किलोंनी वाढेल.

उगाच_आपलं

विजापूरला आमची सासुरवाडी आहे. टाकी पाडायचीच असेल तर अक्षांश-रेखांश कळवतो.

वाळवंटी

मी कॅलिफोर्नियात राहतो, बारस्टोपासून दीडेक तासावर. घरी बांधलेल्या रॉकेटचा विषय निघाला की इथे माईक ह्यूजचं नाव निघतंच. लिमोझिन चालवायचा. गॅरेजमध्ये वाफेवर चालणारं रॉकेट बनवलं, मार्च २०१८ मध्ये त्यात बसून १,८७५ फूट वर गेला आणि पाठ दुखावून का होईना जिवंत उतरला. २२ फेब्रुवारी २०२० ला पुन्हा उडाला, निघतानाच पॅराशूट फाटून मागे राहिलं. व्हिडिओ आहे, बघू नका.

सांगायचं वेगळंच होतं. पेपरात त्याचं नाव एकट्याचं येतं, पण तोही एकटा नव्हता. एक माणूस कित्येक वर्षं त्याच्याबरोबर रॉकेट बांधत होता. शिवाय कॅमेरावाले, रँप उभा करणारे. वाफेच्या रॉकेटला इतकी माणसं लागली. तुमच्या नायिकेने सगळं एकटीने केलं असं लिहिलंत तर मी तरी पान उलटेन.

डॉ_कृष्णाकाठ

मी मिरजेला असतो, खेळाडूंच्या दुखापती बघतो. पळण्याचं आणि रडण्याचं माझ्याकडे द्या.

पळण्यासाठी अवकाश स्थानकात ट्रेडमिल आहे. खांद्यांना आणि कमरेला पट्टे बांधतात, ते रबरी दोऱ्यांनी खाली ओढून धरतात, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस छताला. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ ला बोस्टन मॅरेथॉन तिथूनच पळून काढली, ४ तास २४ मिनिटं. खाली बोस्टनमध्ये वारा-पाऊस होता. टिम पीकने २०१६ मध्ये लंडन मॅरेथॉन तशीच काढली, ३ तास ३५ मिनिटं. सगळ्यांनाच तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, नाहीतर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतं. पण पावणेदोन घनमीटरमध्ये ट्रेडमिल कुठे ठेवणार? ग्लेनना ओढायला रबरी दोरी दिली होती. नायिकेला तीच मिळेल. आठशे मीटर पळणाऱ्या बाईला बसल्या जागी रबर ओढायला लावणं, हे तुम्ही नीट लिहिलंत तर वाचकाचे पाय दुखतील.

वर गेल्यावर पायांतलं पाणी छातीत आणि डोक्यात चढतं. पाय काड्यांसारखे होतात, तोंड सुजतं, नाक चोंदतं, जेवणाची चव जाते. आरशात बघितलं तर न रडताही रात्रभर रडल्यासारखा चेहरा. (कुणी ‘जेवलीस का’ विचारणारं नाही म्हणालात, पण जेवण लागणारच नाही त्याचं काय.)

रडलं तर अश्रू खाली पडत नाही. ख्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ मध्ये डोळ्यात पाणी सोडून दाखवलं होतं. पाणी डोळ्यावरच गोळा होत राहतं, फुग्यासारखं. पुरेसं झालं की नाकाच्या दांड्यावरून सरकून दुसऱ्या डोळ्यात जातं. टॉवेलने टिपून घ्यावं लागतं, आपोआप जात नाही.

आणि हे कुणी सांगत नाही. तिथे गरम हवा वर जात नाही, कारण वर म्हणजे कुठे? पंखा बंद पडला आणि माणूस हालला नाही तर त्याने सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचून राहतो. दिवसाला माणूस जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. आधी डोकं ठणकतं, मग गुंगी. म्हणून यानात पंखा चोवीस तास घरघरत असतो. सुतकात आपण भिंतीला टेकून तासन्‌तास एका जागी बसतो ना, तसं तिला बसता येणार नाही. पंखा पाहिजे. मशीन शॉपवाल्या बाईला त्या आवाजाचं काही वाटायचं नाही म्हणा.

सांजवात

मी गणितातलं बोलणार नाही, कथेतलं बोलते. दोन अंकांचं संपादन केलंय, तुमची संपादकबाई सोमवारी फोन करते तेव्हा तिच्या पोटात काय कालवतं ते मला माहीत आहे.

तुमच्या कथेत बाई ‘एक दिवस निघून जाते’. हा ‘एक दिवस’ कधीचा? डेन्मार्कमध्ये कोपनहेगन सबऑर्बिटल्स म्हणून हौशी लोकांचा गट आहे. गोदीतल्या एका शेडमध्ये, नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम करतात. लोकांच्या वर्गणीवर चालतं. एका माणसाला शंभर किलोमीटरच्या वर नेऊन परत आणायचं, कक्षेत नव्हे, नुसतं वर आणि खाली, एवढंच ध्येय. सुरुवात २००८ ला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांचं नेक्सो-२ बाल्टिक समुद्रातून उडालं ते साडेसहा किलोमीटरवर गेलं आणि पॅराशूटने खाली आलं, त्यावर ते नाचले. दहा वर्षांनी साडेसहा किलोमीटर, तेही रिकामं.

म्हणजे तुमची बाई बाबा गेल्यावर कामाला लागली तर मध्ये किती वर्षश्राद्धं येतील ते मोजा. पितृपंधरवड्यात दरवर्षी एक दिवस वेल्डिंग बंद. पहिल्या वर्षी ज्या रागाने तिने पत्रा कापला तो राग सातव्या वर्षी असेल का? मधल्या काळात काका म्हातारे होतील. कदाचित काकाच जातील आणि तिला त्यांच्या दहाव्याला जावं लागेल, हातावरचे जळके डाग पदराखाली घेऊन. ‘पळून जाते’ हा शब्द मला खटकतोय तो इथे. इतकी वर्षं एका जागी उभं राहून जे करावं लागतं त्याला पळणं कसं म्हणायचं?

दुसरं. तुम्ही वर जाणं म्हणजे सुटका धरून चाललाय. डॅनियल टानी हा अंतराळवीर २००७ च्या ऑक्टोबरमध्ये स्थानकात गेला. डिसेंबरमध्ये परतायचा होता, पण त्याला आणायला जाणाऱ्या शटलच्या टाकीतले सेन्सर नीट चालेनात, उड्डाण लांबलं. १९ डिसेंबरला त्याची नव्वद वर्षांची आई इलिनॉयमध्ये गेली, तिच्या गाडीला रेल्वेने उडवलं. तो वर. अंत्यविधी झाला, तो वर. फेब्रुवारीत खाली आला. दिवसातून पंधरा-सोळा वेळा पृथ्वीभोवती फिरत होता आणि एकदाही पोचू शकत नव्हता.

तुमच्या नायिकेने हे वाचलेलं असणार, ती इंजिनिअर आहे. ती तरीही जाते का? जाते तर का, हे मला कळलं पाहिजे. प्लॉटच्या भावाने नाही पटत हो. काका सगळ्यांनाच असतात.

दोन_फेऱ्या

सगळ्यांचे आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तिसरा_टप्पा यांनी शेवटच्या ओळीत जे सहज लिहून टाकलंय तिथेच मी अडकले. चोपन्न किलो. मी कॅल्क्युलेटर काढून तीनदा केलं, ५३.७५ येतं. घड्याळ न्यायचं तर नायिकेएवढी आणखी एक नायिका इंधन आणि पत्रा म्हणून उचलायची. हे मी ठरवून लिहिलं असतं तर सांजवातताईंनी खोडलं असतं.

तिसरा_टप्पा काका, तुमचं ऑक्सिजनचं वाक्य बाबांना देते आहे. ते जवळजवळ तसंच म्हणायचे, फक्त हेल्परच्या डोक्यात टपली मारून. डॉक्टर, पंखा घेतला. भिंतीला टेकून बसण्याचं तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. मी बाबांच्या ऑफिसात, ऑफिस म्हणजे प्लायवूडची खोली, तशीच बसते.

कक्षेचं वाचून आधी वैताग आला. पळून जायचं आणि दर दीड तासाने दारावरून जायचं, याला काय अर्थ? मग वाटलं की आठशे मीटर तरी वेगळं काय असतं. जिथून सुटतो तिथेच येतो, दोनदा. मैदानाबाहेर कुणी जात नाही. तेव्हा ११.२ चं राहू द्या. ७.७ मध्ये भागवते, आणि कोल्हापूर खालून जाऊ द्या. फक्त तिला पन्हाळा दिसणार नाही असं करते, ढग घालते. आषाढच आहे.

सांजवातताई, तुम्ही मला रडवलंत आणि माझा एक महिना वाया घालवलात. नवीन मसुद्यात नऊ वर्षं आहेत. दरवर्षीच्या तिथीला एकेक तुकडा. तिसऱ्या वर्षी ती नॉझलच्या घशाचा पॅटर्न करते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (अडकलेल्या वायूची भोकं) निघतात, सगळं रिजेक्ट. पाचव्या वर्षी तिला कळतं की आज तिथी होती आणि आपण विसरलो, वेल्डिंग चालूच ठेवलं. हे पान लिहायला मला सगळ्यात जड गेलं, कारण माझं अजून एकच वर्ष झालंय आणि मी विसरेन असं मला वाटत नाही. ती का जाते ते अजून मला नीट सांगता येत नाही. पण प्लॉटचा भाव काढून टाकलाय. काका आता कथेत इथेनॉलचा टँकर मिळवून देतात.

वाळवंटी, तुमचं बरोबर होतं. एकटीचं खोटं वाटत होतं. त्याचं उत्तर शेडमध्येच मिळालं. आमचा फिटर बाबांच्या वेळचा, सत्तावन्न वर्षांचा. परवा माझ्या टेबलावर टाकीचं स्केच पडलं होतं, कथेसाठी मी मापं टाकून काढलं होतं, सवयच आहे. त्याने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

‘ताई, कुणाचा जॉब आहे?’

‘कुणाचा नाही मामा. गोष्टीतला आहे.’

‘बरं.’ गेला. पाच मिनिटांनी परत आला. ‘ही शिवण आतनं मारायची असंल तर एक माणूस टाकीत घालावा लागंल. बारीक अंगाचा.’

तेव्हा मामा कथेत आहेत. टाकीत उतरतो तो त्यांचा पुतण्या. कोकणात समुद्रकाठी नेताना ट्रक घाटात अडकतो आणि सहा जण उतरून ढकलतात. तिला निरोप द्यायला कुणी येत नाही असं मी आधी लिहिलं होतं, ते आता शक्यच नाही, एवढी माणसं आली आहेत तर वडापाव मागवावे लागणार.

उगाच_आपलं

कढीलिंबाची फोडणी घातलेली भाजी असेल तर मीही ढकलायला येतो. चेष्टा नाही करत ताई. अंक आला की सांगा.

तिसरा_टप्पा

ताई, एक सुचवू? रॉकेटचं वजन कमी करायचं म्हणून आम्ही बोल्टसुद्धा तासून घ्यायचो. स्टॉपवॉचची दोरी काढून टाकली तर? नायलॉनची दोरी भिजली, मळली की बरीच भरते. नायिका इंजिनिअर आहे, तिला हे सुचलं पाहिजे.

दोन_फेऱ्या

सुचलं होतं काका. काल रात्री काढून ठेवून पाहिलं. दोरीशिवाय ५१ ग्रॅम भरतं, म्हणजे साडेनऊ किलो वाचतात. तुम्हाला सांगते, ती दोरी मूळची निळी होती. मानेला लागते तिथे आता काळी पडली आहे, घामाने.

परत बांधली. हिशोबात ६२च धरा.